सह्याद्रीचे सुटे फोम बोर्ड: आधी सांधे, मग डोंगर

दिवाळीच्या किल्ल्यात आधी डोंगर उभा राहतो आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती बसतं. वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढाईच्या, हवे तसे जोडता येणाऱ्या सुट्या बोर्डांचं गणित उलटं असतं. आधी चारही बाजू ठरवायच्या, मधे काय येणार ते नंतर. मधोमध चुकलं तर ते झाकता येतं. बाजूला दोन मिलिमीटर कमी-जास्त झालं, की तो बोर्ड कशाच्याच शेजारी नीट बसत नाही.

थर्माकोल नको. कापताना त्याचे दाणे सुटतात आणि पुढे वाळूसकट पोपडे निघतात. छताच्या इन्सुलेशनसाठी मिळतो तो एक्सपीएस फोम घ्या. १२५० बाय ६०० मिमीच्या एका शीटमधून दोन बोर्ड निघतात, म्हणजे ५० मिमी जाडीच्या तीन शीटमध्ये सहा बोर्ड. डोंगरासाठी २५ मिमीच्या दोन शीट वेगळ्या. खाली ३ मिमी एमडीएफ, ५९५ मिमी चौरस. सहाही तुकडे दुकानातच पॅनल सॉच्या एकाच सेटिंगवर कापून घ्या. ही विनंती आवर्जून करा, कारण पुढची सगळी मापं या सहा तुकड्यांवर उभी आहेत. फोम चिकटला की एमडीएफच्या कडेला गुण्या लावून जास्तीचा फोम नव्या पात्याने तीन-चार हलक्या ओढींत कापायचा. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल, पातळ हाताने, आणि वर वजन ठेवून दोन दिवस. फोममधून हवा जात नाही, त्यामुळे मधला गोंद फार सावकाश सुकतो. रबर सोल्यूशन आणि स्प्रे पेंट दोन्ही लांब ठेवा. त्यातलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं. एमडीएफची खालची बाजू आणि कडाही रंगवा. वरच्या थरातलं पाणी उडालं की तो आकसतो आणि बोर्डाचे कोपरे वर ओढतो. खालीही तेवढेच हात दिले तर ओढ सारखी होते. कोकणातल्या पावसाळ्यात कोरं एमडीएफ फुगतं, ते वेगळंच.

आता सांधे. प्रत्येक बाजूचा प्रकार तीनांपैकीच एक: सपाट, रस्ता किंवा ओढा. रस्ता ७५ मिमी रुंद. ओढा १५० मिमी रुंद आणि १५ मिमी खोल. दोन्ही बरोबर बाजूच्या मध्यावर. ओढ्याचे दोन्ही काठ मध्यापासून सारखेच हवेत. बोर्ड फिरवला की डावा काठ समोरच्याच्या उजव्या काठाला भिडतो, आणि एक काठ उंच, दुसरा उतरता असला तर तिथे पायरी पडते. पत्र्याचा किंवा प्लायचा एकच साचा करून तो प्रत्येक बाजूवर आखा. अंदाजाने आखू नका.

चुंबक लावायचे तर १० बाय ३ मिमीचे निओडिमियम, प्रत्येक बाजूला दोन, कोपऱ्यांपासून १५० मिमीवर. बाजूकडे तोंड करून पाहिलं की डावीकडे उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडे दक्षिण. चारही बाजूंना हाच नियम पाळला तर कुठलाही बोर्ड कसाही फिरवला तरी चिकटतो. चुंबक नुसत्या फोममध्ये बसवला तर बोर्ड वेगळे करताना उपटून येतो. लाकडी ठोकळ्यात इपॉक्सीने बसवून ठोकळा फोममध्ये चिकटवा.

सुट्या बोर्डांना सह्याद्रीइतका सोयीचा भूभाग दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे साचले, म्हणून समोरासमोरच्या डोंगरांवर कातळाच्या पट्ट्या एकाच पातळीत दिसतात. २५ मिमीची शीट म्हणजे एक थर. सगळ्या बोर्डांवर पायऱ्या त्याच उंचीला ठेवल्या की वेगवेगळे बोर्डही एकाच रांगेतले वाटतात. कठीण थराचा कडा सरळ उभा, त्याखालच्या मऊ थराचा उतार. पायरी किमान ४० मिमी रुंद ठेवा, म्हणजे २५ मिमी बेसवरचा (पायाखालच्या चकतीवरचा) मावळा घसरत नाही. १६६० च्या घोडखिंडीसारखी खिंड हवी असेल तर दोन बोर्डांवर कडे समोरासमोर आणा, पण सांध्यापासून ६० मिमी मागे. कडा थेट सांध्यावर आणला की तो बोर्ड फक्त एकाच जागी बसतो. कातळाचा पोत उठवायला चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबत फिरवा, मग कटरने उभ्या भेगा.

वाळू चहाच्या गाळणीने चाळा आणि फेव्हिकॉल, काळपट तपकिरी इमल्शन यांत कालवून लावा. ओलं असतानाच बाजूंवरचे कण पुसून काढा. एक दाणा राहिला तरी फट दिसते. भिंतीची पुट्टी वापरू नका, ती कोपऱ्यांवर तडकते. सगळ्या बोर्डांना लिटरभर इमल्शन पुरतं. ते मशीनवर मिसळून घ्या आणि शेड नंबर डब्यावरून वहीत उतरवा, म्हणजे वर्षभराने सातवा बोर्ड केला तरी रंग जुळेल. वरचे हात कोरड्या ब्रशने: कातळावर राखाडी, मातीवर एप्रिलच्या सुक्या गवताचा पिवळट किंवा श्रावणातला हिरवा. ऋतू मात्र सगळ्या बोर्डांवर एकच.