यंदा कॅल्क्युलस घ्यावंच लागतंय

शेवटी यंदा कॅल्क्युलस घ्यावंच लागतंय, कम्पल्सरी आहे, त्याशिवाय डिग्री हातात पडणार नाही. टाइमटेबलमध्ये नुसतं नाव दिसलं तरी पोटात गोळा येतो.

सगळ्यात जास्त धास्ती लिमिटची, म्हणजे उत्तर ज्या आकड्याकडे सरकत जातं त्या आकड्याची. तिची ती एप्सिलॉन-डेल्टावाली (ही दोन ग्रीक अक्षरं, छोट्या अंतरांसाठी वापरतात) व्याख्या वाचायला घेतली की ओळ संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. पण मग कळलं की न्यूटन आणि लायब्निझने १७व्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं तेव्हा ही व्याख्या नव्हतीच मुळी! फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये लिमिटवर सगळी मांडणी केली आणि आज शिकवतात ती पक्की व्याख्या जर्मन गणिती वायरश्ट्रासची, म्हणजे त्याच्याही नंतरची. एवढ्या मोठ्या लोकांना दीडशे-दोनशे वर्षं लागली, मग मला एका सेमिस्टरमध्ये जड जाणारच ना, आणि हे कुणीतरी पहिल्याच लेक्चरला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून काल व्याख्या बाजूला ठेवली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ३ चा वर्ग ९, ३.१ चा ९.६१, फरक ०.६१, त्याला ०.१ ने भागलं की ६.१. मग ३.०१ घेतलं तर ६.०१, ३.००१ ला ६.००१. उत्तर ६ कडे सरकताना समोर दिसतं हो! डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या जागी बदलाचा वेग, म्हणतात ते हेच.

आता इंटिग्रेशनची भीती आहेच, पण ते नंतर. सोमवारी लेक्चर झालं की सरांना गाठून एप्सिलॉन आधी की डेल्टा आधी हे विचारणारे.