साडेएकोणतीस चौकोन

आईच्या तेराव्याला गुरुजींनी दानाची यादी दिली: छत्री, चपला, अंथरूण-पांघरूण. ब्लँकेट दुकानातून आणलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची चेनसुद्धा न उघडता तसंच देऊन टाकलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात लोकरीची पिशवी सापडली. आत विणून झालेले २९ चौकोन, आणि तिसावा सुईवरच, अर्धा.

हे वृद्धाश्रमासाठी, एवढं माहीत होतं. "म्हाताऱ्यांना थंडी फार वाजते रे," असं ती म्हणायची. स्वतः ८१ वर्षांची.

मला विणता येतं हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. लहानपणी लडीचा गुंडा करताना दोन्ही हात पसरून समोर बसायचं काम माझं असे. बसल्या बसल्या सुलट टाका शिकलो. उलट शिकायच्या आत क्रिकेट आलं. नशिबाने या चौकोनाला उलट लागतच नाही. ४० टाके घालायचे, जाताना सुलट, येताना सुलट. या विणीत दोन सुया, म्हणजे टाक्यांच्या दोन ओळी, विणल्या की एका टाक्याच्या रुंदीएवढी उंची होते, म्हणून ८० सुयांनी चौकोन आपोआप चौकोनी होतो. आठ इंचांचे सहा एका ओळीत, अशा आठ ओळी. म्हणजे ४८. माझ्या वाट्याला साडेअठरा आले.

आम्ही लोकर म्हणतो, असतं ॲक्रिलिक. आश्रमात तेच बरं, मशीनमध्ये टाकता येतं. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून तिचा नमदा होतो.

पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. २०१६ साली चेन्नईत बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं, गिनीज बुकात गेलं, त्याची बातमी. "एवढं पांघरणार कोण?" हा आईचा तेव्हाचा प्रश्न मला आठवतो. विक्रम झाल्यावर ते सुटं करून गरजूंना वाटणार, हे खाली वाचल्यावर मात्र तिने कात्री मागितली होती.

तर तो अर्धा चौकोन. तिच्या सुया, तिची लोकर, तिने घातलेले टाके. मी फक्त पुढे विणत गेलो. दहा-बारा सुया झाल्यावर पाहिलं तर चौकोन वर फाकत चाललेला, परकराच्या घेरासारखा. आईचा हात घट्ट, माझा सैल. उसवावं असं वाटलं. पण उसवताना हात चुकून तिच्या ओळीत गेला असता तर? राहू दिलं. चौकोन तसाच पुरा केला आणि मावशीला फोन लावला.

"सुया कितीच्या?"

"नऊ नंबर."

"मग दहाच्या घे."

मी आठच्या घेणार होतो. सुयांचे नंबर तारेच्या जाडीच्या जुन्या इंग्रजी मापावरून आलेत, ते उलटे चालतात: नंबर चढेल तशी सुई बारीक. नऊची पावणेचार मिलिमीटर, दहाची सव्वातीन. अर्ध्या मिलिमीटरने माझा सैल हात आईच्या मापात आला. पुढचे १८ चौकोन आठ इंचांत बसले.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आश्रमात गेलो. ब्लँकेट एका आजींच्या पायांवर घातलं. त्यांनी ते आधी उलटं करून धागे कसे लपवलेत ते पाहिलं. मग बोटं एकेका चौकोनावरून फिरत त्या तिसाव्यावर येऊन थांबली.

"इथून कुणी विणलंय?"

"मी."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सुई बदलायची ना रे," म्हणाल्या, आणि ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं.