टाकी भरली की गाडी बंद

माझं एक गिऱ्हाईक आहे, काका म्हणतो मी त्यांना. त्यांच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. दुकान बंद केल्यावर मी ते अजूनही उघडून बघतो. त्यांची मोटरसायकल सारखी का बंद पडते, ते सगळं त्या पानांवर लिहिलेलं होतं आणि ती वही तीन वेळा माझ्या दुकानात येऊन गेली होती.

माझं गॅरेज बडोद्यात, दांडिया बाजारच्या एका बोळात. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. समा, अकोटा, फतेगंज, जिकडे तिकडे गाड्या दोन-दोन दिवस पाण्याखाली. आमच्या बोळात पाणी आलं नाही, त्यामुळे ओसरल्यावर रांग माझ्याकडे लागली. फोनवर प्रत्येकाला एकच सांगत होतो, किक मारू नका, सेल्फ तर अजिबात नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढायचा, मग किक मारून आतलं पाणी भोकातून उडवायचं. इंजिनातलं ऑइल दुधाच्या चहासारखं निघतं. ते काढून आधी स्वस्तातलं भरायचं, पाच मिनिटं गाडी चालवून तेही ओतायचं आणि मग चांगलं. ब्रेकचे ड्रम उघडून लायनर वाळवायचे, एअर फिल्टर बदलायचा, वायरिंगचा एकेक कनेक्टर सोडवून पुसायचा. निम्म्या लोकांनी घरी किक मारून बघितलीच. दोन हजारांचं काम आठ हजारांवर जातं ते अशाने.

काकांनी किक मारली नव्हती. ते समा भागात राहतात, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेत. गाडी हिरो होंडाची शंभर सीसी, २००७ सालची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला साधा कार्ब्युरेटर. ऑइल, चेन, क्लचची केबल, प्लग सगळं स्वतः करतात. घरच्या घरी गाडी खोलणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, कारण माझ्यापर्यंत येतात त्या बिघडवलेल्या गाड्या. ड्रेन बोल्ट एवढा आवळलेला की आटे निघालेत. प्लग तिरका घालून पान्याने रेटलेला. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, मऊ असतं. प्लग पहिले पाच-सहा आटे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे, पाना त्याच्यानंतर. काकांच्या गाडीचा एकही आटा खराब नव्हता, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

पुरानंतर गाडी नीट चालली. दिवाळीनंतर त्यांचं बडोद्याबाहेर डभोईला मुलीकडे जाणं वाढलं आणि तक्रार सुरू झाली.

"सात-आठ किलोमीटर गेली की बंद पडते. दहा मिनिटं थांबलो की पहिल्या किकमध्ये चालू."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "कॉइल, काका." पंचवीस वर्षांत अशा शंभरेक गाड्या मी बघितल्या असतील. प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलच्या आतली केसासारखी तार गरम होऊन फाकते, करंट तुटतो, थंड झाली की परत जुळते. लक्षण अगदी तेच. काकांनी वही टेबलावर ठेवली, "एकदा बघ तरी," म्हणाले. मी म्हटलं, "ठेवा, बघतो." बघितली नाही. कॉइल बदलली, गावातच सुरसागरला फेरी मारून आलो, गाडी मस्त. आठवड्याने ते परत आले. सीडीआय, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा, बदलला, प्लगही नवा घातला. मांडवी, न्याय मंदिर, परत दुकान. मस्त. तिसऱ्यांदा आले तेव्हा कार्ब्युरेटर खोलला, जेट, फ्लोट, टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी सगळं साफ केलं. तेव्हाही मस्त.

माझ्याकडे ती कधी बंद पडलीच नाही. त्याचं एक कारण आमच्या धंद्यानेच करून ठेवलंय. गॅरेजला गाडी देताना टाकी भरून कोणी देत नाही. मेकॅनिक पेट्रोल काढून घेतात असं लोक धरून चालतात आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. काकाही लिटरभर पेट्रोलवर गाडी आणून लावायचे. ट्रायलला निघताना पेट्रोल पुरेल ना, हे बघायला मी दर वेळी टाकीचं झाकण उघडत होतो.

चौथ्यांदा काका रागावून आले नव्हते. गाडी डभोई रोडवर संध्याकाळी बंद पडली, मागे नात बसलेली, सहा वर्षांची. मागून येणाऱ्या ट्रकने ब्रेक दाबला आणि दोन हातांवर येऊन थांबला. एवढं सांगून त्यांनी वही परत टेबलावर ठेवली आणि गाडी सोडून रिक्षाने गेले.

वही मी रात्री वाचली. रिफायनरीत शिफ्टचं लॉगबुक लिहायची सवय, तीच इथे उतरलेली. तारीख, मीटरचं रीडिंग, किती लिटर भरलं, शेरा. बंद पडलेले प्रसंग लाल शाईत, एकूण सहा. सहाही वेळा त्याच दिवशी टाकी फुल केलेली आणि बंद पडली ती भरल्यापासून दहा किलोमीटरच्या आत. ज्या दिवशी शहरातच फिरले त्या दिवशी एकदाही नाही. पेट्रोलच खराब, हा विचार आधी आला. पण पंप तीन वेगवेगळे होते आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले. खाली थर नाही. पाणी नाही." मला जे आत्ता सुचत होतं ते त्यांनी महिन्यापूर्वी तपासून खोडून टाकलं होतं.

मग मी स्वतःला विचारलं की भरलेल्या टाकीत आणि रिकाम्या टाकीत फरक काय. पेट्रोल कमी-जास्त, हे कोणीही सांगेल. वर उरलेली हवा कमी-जास्त, हे मला इतक्या वर्षांत कधी मोठ्याने म्हणावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकणाला कुलूप लावलं आणि ठरवलं की आता ते उघडायचं नाही. डभोई रोडवर एकसारखा ५५ चा वेग धरला. मागून माझा पोऱ्या स्कूटरवर पाने आणि रिकामी बाटली घेऊन. नऊ किलोमीटरला गाडीने दोन आचके दिले आणि बसली. कडेला घेतली.

आधी प्लग तपासला, पेट्रोल नंतर. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र आणायचं नाही, गरम इंजिनाजवळ तर नाहीच. प्लग काढून टोपीत बसवला, हेडला टेकवला, भोकापासून लांब, आणि किक मारली. निळी, जाड ठिणगी. पोऱ्या म्हणाला, "शेठ, करंट तो बराबर छे." म्हणजे कॉइल आणि सीडीआय दोन्ही तिथल्या तिथे निर्दोष सुटले. नव्या ठीक होत्या तशा जुन्याही ठीकच असणार. प्लग परत बसवला. मग फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी, तिच्या नळीखाली बाटली धरून खालचा स्क्रू सैल केला. चमचाभर पेट्रोल आलं, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. वर टाकी गळ्यापर्यंत भरलेली, कॉक उघडा, आणि खाली कोरडं.

बाटली तशीच धरायला सांगितली आणि झाकणाची चावी फिरवली. बुडालेला माणूस वर येऊन श्वास ओढतो तसा आवाज आला, आणि बाटलीत पेट्रोलची धार सुरू झाली.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल नुसतं वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरतं तेवढी हवा टाकीत वरून यायला हवी, आणि त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते भोक बुजत आलं की आत हवा विरळ होते आणि पेट्रोलला वर धरून ठेवते. धरायला फार जोर लागत नाही, कारण टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत उतार वीतभराचा. टाकी गच्च भरलेली असेल तर वर हवा थोडी, ती लवकर विरळ होते. टाकी रिकामी असेल तर सात-आठ लिटर हवा, ती विरळ व्हायला खूप वेळ लागतो. शहरात पेट्रोल हळू जातं, बुजलेल्या भोकातूनही तेवढी हवा झिरपते. मोठ्या रस्त्यावर सलग वेगात ती पुरत नाही. आणि बंद पडल्यावरची ती दहा मिनिटं? मी समजत होतो कॉइल थंड होतेय. तेवढ्या वेळात टाकीत हवा शिरत होती.

झाकण खोललं तर आत विश्वामित्रीचा गाळ, बारीक, करडा, वाळून सिमेंटसारखा झालेला. पुरानंतर ती गाडी प्रेशर पंपाने मीच धुतली होती. चावीच्या भोकातला चिखल निघावा म्हणून फवारा नेमका त्यावर धरल्याचं मला आठवतंय.

घरी गाडी बघणाऱ्यांना एवढंच सांगतो. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडून पेट्रोल बघू नका, पुरावा तिथेच जातो. आधी ठिणगी, मग बाउल, मग झाकण, आणि उघडताना कान द्या. झाकण काढून, पुसून, भोकाला रबरी नळी लावून फुंका. बाहेरून आत हवा सहज गेली पाहिजे. आतून बाहेर अडली तर घाबरू नका, बऱ्याच झाकणांत एकमार्गी झडप असते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत टाकीचा श्वास कॅनिस्टरच्या, म्हणजे पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याच्या, नळीतून चालतो, तिथे ती नळी बघायची.

कॉइल, सीडीआय, प्लग आणि मजुरी मिळून २,९०० रुपये मी घेतले होते. सगळे टेबलावर ठेवले. काकांनी कार्ब्युरेटरच्या सफाईचे साडेतीनशे परत सरकवले. "तो साफ झालाच ना. ते तुझे." जुनी कॉइल मागितली. मी ती भंगारात टाकली होती. चांगली कॉइल होती. काकांनी मान हलवली, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि गेले. आमच्यात 'बदलून बघू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला अनुभवी म्हणतात. मलाही म्हणतात.

त्या पुरात मी ६४ गाड्या उभ्या केल्या. ऑइल, ड्रम, बेअरिंग, वायरिंग, सगळं खोललं. झाकण एकाचंही नाही, आणि धुतल्या सगळ्या त्याच पंपाने. बिलबुकातून नंबर काढून मी आणि पोऱ्या फोन करतोय, पैसे न घेता झाकण बघून देतोय. आत्तापर्यंत ४१ आल्या, नऊ झाकणांत गाळ निघाला. काही जण म्हणाले, गाडी चालतेय ना, मग कशाला. त्यांना दुसऱ्यांदा फोन करणार आहे. चार नंबर लागतच नाहीत. त्यातली एक गाडी एका मुलीची, ती कामाला रोज बडोद्याबाहेर हालोलला जाते आणि टाकी नेहमी फुल ठेवते, असं तिनेच मला तेव्हा सांगितलं होतं.