सप्तशृंगीचा शृ

अमळनेरला आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी सप्तशृंगी, त्यामुळे पत्रिकेत सर्वांत वर तिचं नाव. मोबाइलवर आलेल्या मजकुरात ते हमखास ‘श्रृंगी’ असतं. ‘श्र’मध्ये र आधीच आहे, त्यावर ऋकार कशाला? मी न विचारता दुरुस्त करतो. देवीचं नाव आहे.

पण शुद्धलेखनावर भागत नाही. मराठी वळणाचा ल पाकळीचा, दंडाचा नव्हे; श देठाचा, गाठीचा नव्हे. शासनाच्या 2009च्या लिपीविषयक निर्णयातही हीच रूपं मराठीची मानली आहेत. तरी ‘शुभविवाह’ आणि ‘लग्नमुहूर्त’ सर्रास हिंदी वळणात छापले जातात, कारण बऱ्याच फॉन्टांत तेच रूप आधी पुढे येतं. गिऱ्हाईक म्हणतं, “काय फरक पडस भो?” मला पडतो.

आमचे आप्पा जुळारी होते, म्हणजे खिळे (धातूत ओतलेली सुटी अक्षरं) जुळवून मजकूर लावणारे. खिळ्यांच्या काळातल्या अडचणी खऱ्या होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने डिग्री टाइप आणला. अक्षर मधल्या थरात, मात्रा-रफार वरच्या, उकार खालच्या. खिळ्यांचे प्रकार कमी झाले, पण एक ओळ जुळवायची म्हणजे तीन थर बसवायचे. अखंड टाइपात मात्रा-उकार अक्षरासकट ओतलेले, म्हणून खिळे ठेवायच्या पेटीतले खण वाढत गेले. कळा दाबून अख्खी ओळ ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राला तर कळा 90. तिथे देवनागरीला अंग चोरूनच बसावं लागलं.

आणि तरीही निर्णयसागरचं अक्षर बघा! जावजी दादाजींनी 1869 मध्ये हा छापखाना मुंबईत काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरूंनी पोलादी ठशांवर अक्षरं कोरली. उलटी, हाताने, प्रत्येक आकारासाठी वेगळी. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखित बाडं आहेत. ती पाहून निर्णयसागरचं पान उघडलं की बोरूचा जाड-बारीकपणा धातूत उतरलेला दिसतो. कुठे बोरू टेकला, कुठे उचलला, ते ल आणि श मध्ये वाचता येतं. माझ्या लेखी यापेक्षा देखणं मराठी छपाईचं अक्षर नाही.

आता खिळा नाही, खण नाही. एकाच फॉन्टात ल-श ची दोन्ही रूपं ठेवता येतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती आपोआप बदलतात. मात्र पत्रिकांच्या दुकानांतून अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार कोंबलेले असल्यामुळे ही सोय मिळत नाही. तिथे वळण बघूनच फॉन्ट निवडावा लागतो.

म्हणून पत्रिकेचं प्रूफ आलं की नावं, तिथी, मुहूर्त तपासता तसे ल आणि श सुद्धा तपासा. हिंदी वळणाचे असतील तर छापणाऱ्याला स्पष्ट सांगा. छपाईआधी हे बदलायला फार वेळ लागत नाही.