एल्स का नाही?

विश्रामबाग, शुक्रवार रात्र

"सर, इथे एल्स का नाही?" माझ्या कोडवर टीममधल्या मुलीनं लिहिलेली एवढीच ओळ. इफ म्हणजे 'जर', एल्स म्हणजे 'नाही तर'. तिच्या मनात काही नव्हतं, हे कळतं. तरी दुपारपासून डोक्यातून जात नाही.

हळदीच्या पट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा, कोड. हमाली आधी शून्य धरलेली. पोतं असेल तर हा दर, कट्टा असेल तर तो. परवा यार्डात कुणी तरी प्रकारात 'चुंगडं' निवडलं. ते कुठल्याच अटीत बसलं नाही, शून्य तसंच राहिलं. ज्यांनी पाठीवर वाहिलं त्यांच्या नावापुढे काहीच लागलं नाही. आणि प्रोग्राम बिनबोभाट पुढे गेला.

पंधरा वर्षं हेच करतोय. सणवार बघितले नाहीत, आईला दवाखान्यात नेतानाही लॅपटॉप बरोबर. आणि एका ओळीनं पाणी उतरतं.

मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, तिथलं इफ म्हणजे रस्त्याचा फाटा. वळलास तर वळ, नाही तर सरळ जा. १९५७ च्या फोरट्रान भाषेत तर इफपुढे तीन ओळींचे क्रमांक असत, ऋण, शून्य, धन. तिकडे उडी मारायची. बुद्धिबळाच्या चालींचा प्रोग्राम लिहिताना संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींना हे खुपलं. अट बघून दोनातली एक किंमत देणारं फंक्शन त्यांनी केलं, पण ते दोन्ही किमती आधीच काढून बसायचं. हवी तेवढीच काढणारं रूप मग त्यांच्या लिस्प भाषेत आलं. म्हणजे इफ हा फाटा नाही, प्रश्न आहे, आणि प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर लागतं.

तिनं तेच केलं. कोटलिन भाषेत हमाली बरोबर इफ, असं थेट लिहिलं. असं लिहिलं की एल्सशिवाय कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, पुढे सरकत नाही. सीमध्येही असाच किंमत देणारा, प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारख्या चिन्हाचा (? :) प्रकार होताच की. मी तो कधी मनावर घेतला नाही.

दादा म्हणतो, "जमलं तर येतो." आई दोन भाकरी जास्त थापते. नाही जमलं तर काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आम्हीही...

असो.

एल्स लिहायला बसलो तेव्हा कळलं, चुंगड्याची हमाली किती हे मला माहीतच नाही. शून्य मी ठरवलं नव्हतं, विचारायचं राहिलं होतं. तिच्या ओळीखाली "बरोबर आहे, विचारून टाकतो" एवढं लिहिलं. लिहिल्यावर बरं वाटलं.

उद्या सौदे सुरू व्हायच्या आत यार्डात जातो. आधी हमालांना विचारेन, मग अडत्याला.