नॉर्थशायर ते मूनब्रूक : तांबड्या रुमालाच्या मागावर

दिवाळीची सुटी आणि त्यानंतरचे दोन शनिवार-रविवार मी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन खेळातल्या मानवांच्या मुलखात घालवले. नॉर्थशायरच्या मठापासून निघून, एल्विनचे जंगल पार करून, वेस्टफॉलच्या वाळलेल्या शेतांमधून मूनब्रूकच्या ओस पडलेल्या वस्तीपर्यंत जाणारी ही वाट पहिल्यांदाच चालणाऱ्यांसाठी हा वृत्तांत लिहीत आहे. निघण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी लागते. हा खेळ २००४ साली आला, २०१० च्या ‘कॅटाक्लिझम’ विस्तारात जुना मुलूख मोडून नव्याने रचला गेला आणि २०१९ मध्ये मूळ रचना ‘क्लासिक’ या नावाने परत मिळाली. आजच्या मुख्य आवृत्तीत नवा खेळाडू ‘एक्झाइल्स रीच’ या निराळ्याच बेटावर उतरतो आणि तिथले नॉर्थशायरही आता पहिले राहिलेले नाही, त्यामुळे या वाटेने जायचे असेल तर सुरुवातीलाच क्लासिक निवडावे लागते.

मठाच्या दाराशी डेप्युटी विलेम उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह झळकत असते. त्याचे काम एवढेच की तो आपल्याला आत मार्शल मॅकब्राइडकडे धाडतो. पहिली क्वेस्ट (नेमून दिलेली कामगिरी) म्हणजे केवळ आत जाऊन एका माणसाला भेटणे, पण तेवढ्यात दार कुठे आहे, बोलायचे कसे आणि काम झाल्याची खूण कोणती हे कळून जाते. मॅकब्राइड आधी बाहेरच्या तळावरचे दहा कोबोल्ड (उंदरासारखे दिसणारे खाणकरी) मारायला सांगतो, मग एको रिज खाणीपाशी काम करणारे दहा, आणि त्यानंतर थेट खाणीच्या आतले बारा. वरवर पाहता एकच काम तीनदा दिल्यासारखे वाटते, पण तिन्ही वेळा पाऊल थोडे पुढे पडलेले असते: आधी उजेडात, मग खाणीच्या तोंडाशी, शेवटी अंधारात. खेळाच्या रचनेवर एरवी कितीही लिहिले जात असले, तरी नवख्याला न सांगता धीट करण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

नदीपलीकडच्या द्राक्षमळ्यात तोंडाला तांबडे रुमाल बांधलेले चोर असतात. विलेम असे बारा रुमाल मागतो आणि मिली नावाची बाई त्याच मळ्यात अडकलेल्या तिच्या द्राक्षांच्या आठ पेट्या मागते. दोन्ही कामे एकाच वेळी घ्यावीत, म्हणजे एका फेरीत उरकतात. त्यानंतर गॅरिक पॅडफूटला मारण्याची कामगिरी मिळते. तो मळ्यातल्या झोपडीपाशी असतो आणि त्याच्या आसपास त्याचे साथीदार वावरतात. मी घाईने सरळ त्याच्यावर चालून गेले, तिघांच्या तावडीत सापडून मेले आणि स्मशानापासून स्वतःच्या प्रेतापर्यंत भूत होऊन चालत यावे लागले. बाहेरच्यांना एकेक करून आधी संपवले असते, तर ती पायपीट वाचली असती. मात्र या तांबड्या रुमालाकडे नीट लक्ष द्यावे, कारण इथून पुढची सगळी वाट त्याच्याच मागाने जाते.

या मुलखात नकाशावर क्वेस्टची जागा दाखवलेली नसते. रस्ता धरून दक्षिणेला जा, तळे लागले की पूर्वेला वळा, कुंपणापलीकडे भोपळ्याचे शेत दिसेल, असे शब्दांतच सांगितलेले असते, अगदी आपल्याकडे गावात पारावरची माणसे पत्ता सांगतात तसे. क्वेस्टी नावाचे ॲडऑन (खेळाला जोडायचा पूरक प्रोग्राम) बसवले की सगळ्या जागा नकाशावर उमटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पात्रासाठी ते सोयीचेही आहे, पण पहिल्या फेरीला ते बसवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. खुणा दिसू लागल्या की मजकूर वाचला जात नाही आणि मजकूर वाचला नाही की एल्विनचे जंगल म्हणजे नुसते ठिपक्यांमधले अंतर उरते. क्वेस्टचा मजकूर सावकाश उमटतो तो सेटिंगमधून तत्काळ दिसेल असा करून घ्यावा, म्हणजे वाचण्याचा कंटाळा येत नाही.

गोल्डशायरला पोहोचताच ‘लायन्स प्राइड’ खानावळीत फार्लीशी बोलून हर्थस्टोन (वापरताच ठरवलेल्या खानावळीत परत आणणारा दगड) तिथे बांधून घ्यावा. तो तासातून एकदाच वापरता येतो, म्हणून लांबच्या कामावरून परतण्यासाठीच राखून ठेवावा. खेळ थांबवायचा तो खानावळीच्या आत, कारण विश्रांती साठली की मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे दुप्पट अनुभव मिळतो. क्वेस्ट लॉगमध्ये एका वेळी वीसच कामे मावतात आणि ती मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

फार्गोडीप खाणीकडे निघण्याआधी मात्र गावात आणि दक्षिणेच्या शेतांवर सगळ्यांशी बोलून घ्यावे. मार्शल ड्यूगनला खाणीची पाहणी हवी असते, विल्यम पेसलला कोबोल्डांच्या डोक्यावरच्या आठ मेणबत्त्या हव्या असतात, रेमीला सोन्याची भुकटी हवी असते आणि स्टोनफील्डांच्या बर्नीस मावशीचा हरवलेला हार याच खाणीतल्या गोल्डटूथ नावाच्या कोबोल्डाकडे असतो. मात्र हे शेवटचे समजण्यासाठी आधी शेजारच्या मॅक्ल्यूरांच्या बिलीला रानडुकराचे मांस भरून भाजलेली ‘पाय’ (पेस्ट्री) खाऊ घालावी लागते. खाण एक आणि कामे चार! नॉर्थशायरच्या खाणीत जी मेणबत्ती कोबोल्डाच्या डोक्यावर नुसती जळताना दिसली होती, तीच इथे मोलाची वस्तू होते. लढताना पाठ खाणीच्या तोंडाकडे ठेवावी, कारण कोबोल्ड असोत वा चोर, मरायला टेकले की ते पळतात आणि आणखी दोघांना घेऊन येतात.

माझा सर्वांत आवडता टप्पा मात्र लढाईचा नाही. स्टोनफील्ड आणि मॅक्ल्यूर या शेजारी घराण्यांत वैर आहे आणि मेबेल मॅक्ल्यूर व टॉमी जो स्टोनफील्ड यांचे एकमेकांवर प्रेम आहे. मेबेलची चिठ्ठी नदीकाठी उभ्या असलेल्या टॉमीला द्यायची, टॉमी त्याच्या आजीकडे धाडतो आणि आजी विल्यम पेसलच्या नावे चिठ्ठी देते. मेणबत्त्या मागणारा हाच पेसल आता क्रिस्टल लेकच्या मरलॉकांकडून (माशासारख्या जलचरांकडून) पाणवनस्पतीच्या चार काड्या आणायला सांगतो आणि मेबेलला कोणाच्या नजरेस न पडता घरातून निसटता यावे म्हणून त्यांचे औषध करून देतो. ते औषध तिच्या हाती दिले, ती माझ्यासमोर दिसेनाशी झाली आणि मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. या चार-पाच फेऱ्यांत दोन्ही शेते, नदी, तळे आणि गाव इतके पायाखालचे होऊन जाते की पुढे नकाशा उघडावा लागत नाही.

हॉगरबद्दल एवढेच सांगते की तो अकराव्या लेव्हलचा एलिट, म्हणजे नेहमीपेक्षा बळकट शत्रू आहे, जंगलाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हिंडतो आणि त्याच्यासाठी दोन-तीन सोबती जमवावेत. त्या भागातल्या रिव्हरपॉ टोळीच्या नोल्सना (तरसासारख्या प्राण्यांना) मारताना सोने गोळा करण्याच्या वेळापत्रकाचा एक कागद सापडतो. तो फेकून देऊ नये, उजवी क्लिक करावी, त्यातूनच एक क्वेस्ट सुरू होते आणि वाट पुन्हा रुमालवाल्यांकडेच वळते.

ज्यांना दुसऱ्या वंशाने सुरुवात करायची आहे, त्यांनी अनडेड वंशाचे, टिरिसफाल ग्लेड्समधले डेथनेल निवडावे. तिथे पात्र थडग्यातूनच उठते, आणि मार्लाच्या शेवटच्या इच्छेची एक छोटी क्वेस्ट आहे, तीत सॅम्युअल फिप्सचे अवशेष आणून तिच्या कबरीपाशी ठेवायचे असतात. टॉरेन वंशाच्या मलगोरमध्ये पवित्र पाणी पिऊन एका लांडग्याच्या आत्म्यामागे चालत जाणेही सुंदर आहे. ऑर्कांच्या ड्युरोटारचा ओसाड माळ मला तितका भावला नाही.

वेस्टफॉलमध्ये शिरताच रस्त्यालगत फर्लब्रो दांपत्य बसलेले भेटते. त्यांच्या वाड्यातल्या कपाटातले घड्याळ आणि ब्लँची घोडीसाठी ओटचे आठ घोस आणून द्यायचे असतात. पुढे साल्मा साल्डीनला गोरटस्क डुकरांची आठ यकृते हवी असतात आणि ती मिळता मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी एका जागी अडून न बसता इतर कामे करताना वाटेत येईल ते डुक्कर मारत जावे. सेंटिनल हिलला पोहोचताच ग्रिफनवाल्याशी (उडत्या वाहनप्राण्यांच्या राखणदाराशी) बोलून उड्डाणाचा मार्ग खुला करून घ्यावा. तिथला ग्रायन स्टाउटमँटल हळूहळू उलगडत नेतो की तांबडे रुमालवाले म्हणजे डेफियास ब्रदरहूड, ज्यांनी स्टॉर्मविंड शहर दगडन् दगड पुन्हा उभारले आणि ज्यांची मजुरी उमरावांनी बुडवली ते पाथरवट. मिलीच्या पेट्या परत आणताना हे यत्किंचितही ठाऊक नव्हते. बारा रुमाल मोजून घेताना जो आनंद झाला होता, तो इथे उभे राहून मला टोचला.

डेफियासच्या एका फितुराला सोबत करत मूनब्रूकला नेण्याची क्वेस्ट एकट्याने घेऊ नये. त्याच्या पुढे धावू नये, मागेही रेंगाळू नये, वाटेत हल्ले होतात. तो दाखवतो त्या घराखाली डेडमाइन्स नावाची खाण आहे आणि तिथे पाच जणांची तुकडी, निदान सतरा-अठराव्या लेव्हलची, हवी. खाणीच्या शेवटी भूमिगत बंदरात उभ्या केलेल्या जहाजावर एडविन व्हॅनक्लीफ असतो. त्याच्यावर चालून जाण्याआधी बॅगेतली एक जागा रिकामी ठेवावी. तो पडल्यावर त्याच्याजवळ एक न धाडलेले पत्र सापडते, स्टॉर्मविंडमधल्या बॅरॉस ॲलेक्स्टन या जुन्या सोबत्याच्या नावे लिहिलेले, आणि ते तिथवर पोहोचवण्याचे काम आपल्यावर येते.