पुतळा गेला, नाव राहिलं

नाणेघाटात आपण जातो ते उलटा धबधबा बघायला, नाहीतर त्या दगडी रांजणात डोकावून "इथे जकात टाकायचे म्हणे" करत फोटो काढायला. पाऊस वाढला की सगळे गुहेत. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीशी सॅक टाकून आधी डबा उघडला, खोटं कशाला बोलू. त्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे हे घरी आल्यावर कळलं.

लेख नागनिकेचा. सातवाहनांची राणी, पहिल्या सातकर्णीची बायको, माहेर महारठींचं म्हणजे मोठ्या सरदार घराण्यातलं. नवरा गेला, मुलं लहान, मग कारभार हिनेच बघितला असं बरेच अभ्यासक मानतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर तिची थेट "जगातली पहिली महिला राज्यकर्ती" झालीये. अरे बाबांनो, इजिप्तवर राज्य केलेली हत्शेपसुत हिच्या हजाराहून जास्त वर्षं आधीची! कशाला उगाच नंबर लावायचे, जे कोरलंय तेच काय कमी आहे का.

कारण लेख वाचायला घेतला की आधी देवांना नमन, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य वगैरे, आणि मग सुरू होतो तो चक्क हिशेब. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञाला किती गायी दिल्या, किती घोडे, हत्ती, गावं, किती कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी, सगळं आकड्यांत. एका ठिकाणी दक्षिणा २४,४०० कार्षापणं! आपल्याकडचे इतके जुने आकडे फार कमी ठिकाणी सापडतात, त्यामुळे गणिताचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही या गुहेत यावंच लागतं. आणि त्याच लेखात राणीचं वर्णन काय, तर महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी. एका हाताने हत्ती देतेय आणि स्वतः उपाशी, मला ही बाई यज्ञांपेक्षा इथे जास्त दिसते.

समोरच्या भिंतीत राजघराण्याचे पुतळे होते, तिचाही होता. ते गेले, वरची नावं तेवढी राहिली. पुढच्या वेळी गेलात तर टॉर्च मारून बघा, राजाराणीच्या जोडीचं नाव एकत्र कोरलंय, "देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो", म्हणजे देवी नायनिकेचा (ही आपली नागनिकाच) आणि राजा श्री सातकर्णीचा. राणीचं नाव आधी, राजाचं नंतर.